लेखांकाला रकाना नाही

ग्रँट डफने तळटिपा दिल्या होत्या. त्याच्या १८२६च्या इतिहासाला आपल्याकडे इतक्यांनी झोडपले आहे की ही साधी गोष्ट मागेच पडते. साताऱ्यात असताना त्याने बखरी, सनदा, घराण्यांचे कागद जमवले, आणि कुठल्या विधानामागे कोणता कागद आहे हे पानाच्या तळाशी सांगितले. बऱ्याच हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचेही त्याने लिहून ठेवले. ज्याला शंका येईल त्याने तिथे जावे, पाहावे. पुढे मराठी अभ्यासक त्यांच्या शोधात निघाले तेव्हा नकला हाती लागेनात. मग डफने कागद जाळले अशी वदंता उठली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पुरली. विकिपीडियावर ज्याला आज ‘मृत दुवा’ म्हणतात त्याचे मराठी इतिहासातले पहिले मोठे प्रकरण मला हेच वाटते. पत्ता दिलेला, आणि पत्त्यावर काही नाही.

मी इतिहासकार नाही. एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर वाघोलीला राहायला आले, कारण मुलाला परवडणारे घर नगर रस्त्यावर याच टप्प्यात मिळाले. आमच्या इमारतीतल्या बहुतेकांना वाघोली म्हणजे सकाळी खराडीपर्यंत तुंबणारी गाड्यांची रांग आणि उन्हाळ्यात टँकर, एवढेच ठाऊक. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत वाघोलीही आली. तेव्हापासून तर ‘गाव’ हा शब्दही कमीच कानावर येतो. पण वाघेश्वराचे देऊळ आहे, पिलाजी जाधवरावांची समाधी आहे, आणि शाहू छत्रपतींच्या काळातल्या या सरदाराचे घराणे वाघोलीकर जाधवराव म्हणून ओळखले जाते. मराठी विकिपीडियावर मी लिहू लागले ती या गावापासून. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या वाक्याच्या शेवटी, थोडी वर उचललेली, चौकटी कंसातली दोन शब्दांची शेपटी लागली: ‘संदर्भ हवा’.

मला रागाऐवजी मजा वाटली. आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच म्हणत आले होते.

ही मागणी मराठीला नवी नाही. बखरकारांना ती कुणी केली नव्हती. ‘पूर्वीपासून ऐकिवात आहे’ एवढ्यावर शंभर वर्षांचा काळ ओलांडला जायचा, आणि धनी ऐकायला तयार असला की झाले. पण १८६०च्या दशकात डेक्कन कॉलेजात शिकणारे नीळकंठ जनार्दन कीर्तने डफच्या इतिहासावर टीका लिहायला बसले आणि वाद बदलला. डफ परका आहे म्हणून चुकला, असे म्हणून चालणार नव्हते; अमुक कागद पाहा, तो वेगळे सांगतो, असे दाखवावे लागणार होते. कागद छापलेलेच नव्हते. म्हणून १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले आणि बखरी, पत्रे, जुन्या कविता महिन्याच्या महिन्याला छापू लागले. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरात शिरले. आणि १८९८मध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. वाईला एका घरात सापडलेल्या कागदांनी त्यांना वेड लावले होते. पुढे बावीस खंड झाले.

राजवाड्यांच्या लांबलचक प्रस्तावनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या लेखांकांबद्दल बोलायचे आहे, कारण ग्रंथपालाची नजर आधी तिकडेच जाते. खंडातल्या प्रत्येक पत्राला क्रमांक. वर क्रमांक, मग शके आणि तिथी, त्यावरून काढलेली इंग्रजी तारीख, मग पत्र. तारीख मूळ कागदावर सरळ असायचीच असे नाही. कधी सुहूर सन, तोही अरबी अंकशब्दांत. कधी नुसता चंद्र आणि महिना. कधी काहीच नाही. मग मजकुरातून वर्ष ताडायचे, जंत्री उघडायची, तिथी जुळते का पाहायचे. हे सगळे झाल्यावर त्या पत्राला कायमचा पत्ता मिळायचा: खंड अमुक, लेखांक तमुक. पान सांगायची गरज नाही. दुसरी आवृत्ती निघाली, टाइप बदलला, पाने सरकली, तरी लेखांक हलत नाही. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग छापले, तेव्हा तिथेही हीच रीत. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ‘शिवचरित्र साहित्या’तही तीच. म्हणून मराठी इतिहासाच्या कुठल्याही गंभीर पुस्तकाच्या तळटिपा चाळा: ‘पे. द.’, ‘रा. खं.’, ‘शि. च. सा.’ आणि पुढे आकडे. ज्याला ही लघुरूपे कळतात त्याला घरबसल्या कागद सापडतो. ज्याला कळत नाहीत त्याला काहीच कळत नाही, हेही खरे.

इथे एका माणसाचे नाव घ्यायला हवे, कारण इतिहासकारांच्या यादीत ते येत नाही. शंकर गणेश दाते. १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली. गावोगावच्या ग्रंथालयांत जायचे, पुस्तक हातात घ्यायचे, नोंद करायची. तो भाग १९४०च्या दशकात छापला गेला आणि १९३८ ते १९५०चा पुढचा भाग १९६१ साली. लेखक, नाव, प्रकाशक, साल, पृष्ठे, विषय. आमच्या धंद्यात दात्यांची सूची म्हणजे शेवटचा शब्द. एखाद्या पुस्तकाचे साल कुणी ठोकून दिले की आम्ही दाते उघडायचो. एका माणसाच्या पायपिटीवर उभे राहिलेले ते काम आजतागायत कुठल्याही यंत्राने मराठीसाठी पुन्हा केलेले नाही.

कोशकारांनी संदर्भ दिले, पण वेगळ्या पद्धतीने. केतकरांच्या ज्ञानकोशात लेखाच्या शेवटी कंसात संदर्भग्रंथ येतात. वाईच्या विश्वकोशात, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६मध्ये निघाला, लेखाखाली ‘संदर्भ’ म्हणून यादी आणि लेखकाचे आडनाव. म्हणजे हे सगळे लिहिण्यासाठी मी एवढी पुस्तके वाचली, विश्वास ठेवा. कुठले वाक्य कुठल्या पुस्तकातले, हे विचारायची सोय नाही. सही करणाऱ्या लेखकाची विद्वत्ता हीच हमी.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ही हमीच गेली. लिहिणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. टोपणनावाआड इतिहासाचा प्राध्यापक असेल किंवा नववीतला मुलगा. मग वाक्यावाक्याला हिशेब मागणे आले. २००५ साली विकीच्या प्रणालीत तळटिपांची सोय झाली: वाक्याच्या शेवटी खुणेच्या दोन टोकांमध्ये संदर्भ लिहा, तो आपोआप क्रमांक घेऊन लेखाच्या तळाशी ‘संदर्भयादी’त जाऊन बसतो. डफच्या तळटिपा परत आल्या, फक्त पानाऐवजी पडद्याच्या तळाशी.

सुरुवातीला सगळे हाताने. त्यासाठी साचे केले गेले. साचा म्हणजे कोरा अर्ज: लेखक, शीर्षक, प्रकाशक, दिनांक, दुवा. आमची सूचिकार्डे हेच करायची, त्यामुळे मला काही शिकावे लागले नाही. जुन्या लेखांत ‘संकेतस्थळ स्रोत’सारख्या मराठी नावांचे साचे दिसतात, नव्यांत इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला ‘साइट वेब’. हे दोन्ही शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचे रकाने एकमेकांशी जुळत नाहीत. यावर चावडीवर (आमच्या चर्चेच्या पानाचे नाव चावडीच आहे) वाद होत राहतात.

हाताने रकाने भरणे कंटाळवाणे असते आणि कंटाळलेला माणूस नुसता दुवा चिकटवून पुढे जातो. त्यावर उपाय म्हणून २०१५च्या सुमारास सायटॉइड नावाची सेवा आली. संपादनपट्टीवर संदर्भाची कळ दाबायची, बातमीचा पत्ता नाहीतर पुस्तकाचा आयएसबीएन टाकायचा, आणि यंत्र अर्ज भरून हातात देते. या यंत्राचे हृदय कुठले, हे कळल्यावर मला बरे वाटले होते. झोटेरो हे साधन २००६मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास आणि नवमाध्यम केंद्रात तयार झाले. केंद्राचे संस्थापक रॉय रोझेनझ्वाइग हे कामगारांच्या जीवनाचे इतिहासकार, आणि त्याच वर्षी विकिपीडिया व इतिहासलेखन या विषयावर त्यांनी मोठा निबंधही लिहिला. झोटेरोत वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी छोट्या छोट्या आज्ञावल्या असतात. अमुक ठिकाणी लेखकाचे नाव कुठे असते, तारीख कुठे असते, हे त्यांना शिकवलेले असते. सायटॉइड त्याच वापरते. ज्या संकेतस्थळासाठी आज्ञावली नाही, तिथे पानाच्या पोटात दडवलेली माहिती वाचते. तीही नसेल तर नुसते शीर्षक आणि पाहिल्याचा दिनांक देऊन मोकळी होते.

मराठी वर्तमानपत्रांच्या बाबतीत बहुतेक वेळा शेवटचे दोन प्रकार घडतात.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर खराडीच्या कंपनीत काम करणारा एक मुलगा राहतो. मूळचा बीडकडचा. मी काय करत बसते हे त्याने एकदा डोकावून पाहिले आणि मग रविवारी चहाला यायची त्याला सवयच लागली. वाघोलीच्या महापालिकेतल्या समावेशाबद्दलच्या बातम्या आम्ही एकामागून एक यंत्रात घालत होतो. लेखक, पहिले नाव ‘ऑनलाइन’, आडनाव ‘डेस्क’. पुढच्या बातमीत पहिले नाव वर्तमानपत्राचे, आडनाव ‘टीम’. तिसरीत आडनाव ‘प्रतिनिधी’.

“काकू, हे डेस्क घराणं फारच लिहितं बुवा,” तो म्हणाला. “वाघोलीकर जाधवरावांपेक्षा मोठं दिसतंय.”

हसण्यावारी नेले तरी प्रश्न खरा आहे. मराठी नावाचे तुकडे करणे यंत्राला जमत नाही. ‘तर्कतीर्थ’ पहिले नाव धरले जाते. ‘डॉ.’ आणि ‘प्रा.’ तर नित्याचे. आद्याक्षरांनी लिहिलेल्या नावांत आडनाव शेवटी असते हे यंत्राला ठाऊक, पण ‘राजवाडे वि. का.’ असे छापले की ‘का.’ आडनाव होते. ग्रंथालयशास्त्रात भारतीय नावांच्या नोंदीवर रंगनाथनांपासून खल झाला आहे. त्यातले काहीही यंत्राच्या कानावर गेलेले नाही.

तारखांचे हाल याहून मोठे. ०३-०४-२०१९ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? पुण्यात कुणी विचारणारही नाही, यंत्राला विचारावे लागते. देवनागरी अंक आणि ‘जानेवारी, फेब्रुवारी’ हे शब्द साच्यामागच्या मॉड्यूलला वेगळे शिकवावे लागतात. त्यासाठी तिथे महिन्यांच्या स्थानिक नावांचे आणि स्थानिक अंकांचे कोष्टक असते. ते कुणीतरी भरते, सगळे सुरळीत चालते, मग इंग्रजीवरून मॉड्यूलची नवी प्रत आणली जाते, कोष्टक पुसले जाते, आणि शेकडो लेखांच्या तळाशी लाल अक्षरे उगवतात: दिनांक तपासा. ही लाल अक्षरे मला आवडतात. निदान ती ओरडतात तरी. जे ओरडत नाही ते भयंकर.

शके घ्या. राजवाड्यांचा पहिला खंड शके १८२०चा. साचा १८२० हे साल निमूट गिळतो, कारण १८२० हे अगदी शक्य असलेले वर्ष आहे. न लाल अक्षर, न सूचना. आणि मग संदर्भयादीत राजवाडे ग्रँट डफच्या सहा वर्षे आधी छापून मोकळे होतात. पेशवाई बुडून दोनच वर्षे झालेली, राजवाड्यांच्या जन्माला अजून त्रेचाळीस अवकाश. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, पौषाच्या मध्यानंतरची आणि चैत्राआधीची तिथी असेल तर एकोणऐंशी, हे आमच्या पिढीला पाठ. मॉड्यूल लिहिणाऱ्याला ते कुणी सांगितलेच नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर कितीदा फक्त शके असते, हे ग्रंथालयात काम केलेल्यालाच ठाऊक.

आयएसबीएनचा मार्ग इतिहासाला निरुपयोगी, कारण हे क्रमांक सुरू झाले १९७०च्या आसपास आणि मराठी प्रकाशनांत रुळले त्याच्याही बरेच नंतर. खरे, राजवाडे, सरदेसाई, सगळे त्याच्या पलीकडचे. नव्या पुस्तकाचा क्रमांक दिला तर यंत्र जगभरच्या ग्रंथालयांच्या सामाईक तालिकेत जाते आणि मराठी शीर्षक रोमन लिपीत आणते, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाशी टिंबे घेऊन. पाश्चात्त्य ग्रंथालयांनी ती पद्धत काटेकोरपणे पाळली आहे, त्यांना दोष नाही. पण मराठी लेखाच्या तळाशी मराठी पुस्तक रोमनमध्ये पाहून वाचक चक्रावतो, आणि ते उलट देवनागरीत करण्याची कळ कुठेच नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियात हजारो जुनी मराठी पुस्तके चित्ररूपात चढवली गेली होती. ते संकेतस्थळ पुढे बंद पडले. तिथले दुवे एका फटक्यात मेले. पुस्तकांच्या नकला इंटरनेट अर्काइव्हवर आधीच नेऊन ठेवलेल्या होत्या म्हणून वाचलो. पण त्यांच्या नोंदी घाईत केलेल्या, नावे उच्चाराबरहुकूम रोमनमध्ये लिहिलेली, कितीतरी ठिकाणी लेखकाचा रकाना रिकामा. विश्वकोशाच्या नोंदींचेही पत्ते एकदा बदलले, आणि जुन्या पत्त्यांवर उभे असलेले संदर्भ लंगडे झाले. अशा मेलेल्या दुव्यांच्या जागी जतन केलेली प्रत लावत फिरणारा एक सांगकाम्या आहे, आमच्याकडे बॉटला हेच नाव आहे, आणि तो बिचारा न कुरकुरता काम करतो. साने-मोडकांना असा एखादा मुंबईच्या सोसायटीत पाठवता आला असता तर डफवरचा आळ केव्हाच टळला असता.

या सगळ्यात आम्हाला, म्हणजे गावाबद्दल लिहिणाऱ्या सामान्य सदस्यांना, काय करता येते? वाटते त्यापेक्षा बरेच. सायटॉइडने ‘ही बातमी आहे’ असे ओळखले की कोणता साचा उचलायचा, हे प्रत्येक विकीवर एका जोडपत्रात लिहिलेले असते. त्या पानाला प्रचालकांनाच हात लावता येतो, पण मागणी कुणीही करू शकते. प्रत्येक साच्याच्या दस्तऐवजात आणखी एक जोडपत्र असते, यंत्राचा ‘प्रकाशक’ साच्याच्या कोणत्या रकान्यात घालायचा हे सांगणारे. ते बहुधा खुले असते. मराठी साच्यांकडे हे जोडपत्रच नसेल, तर यंत्राला त्यांत काहीच भरता येत नाही आणि इंग्रजी साचाच वापरात राहतो. मराठी साचे मागे पडण्याचे कारण मराठीद्वेष वगैरे काही नाही. रकान्यांची ही जोडणी करायला कुणी बसले नाही, एवढेच.

संकेतस्थळाच्या बाजूने दुरुस्ती करायची तर वेबटूसाइट नावाचे साधन आहे. दिएगो दे ला हेरा या अर्जेंटिनातल्या विकिपीडियनाने पुढाकार घेऊन २०२१पासून ते उभे केले, आणि ज्याला झोटेरोसाठी आज्ञावली लिहिता येत नाही अशा माणसालाही संकेतस्थळ ‘शिकवता’ यावे हा त्याचा हेतू. पानातला कोणता तुकडा उचलायचा आणि त्यावर काय संस्कार करायचे, अशा दोन पायऱ्या. ही माहिती विकीच्याच एका सामाईक ठिकाणी साठते, त्यामुळे मी केलेली जुळणी केनियातल्या संपादकालाही मिळते. खालच्या मजल्यावरच्या मुलाने तुकडे शोधून दिले, मी काय टाकायचे आणि काय ठेवायचे ते ठरवले. ‘प्रतिनिधी’, ‘टीम’, ‘डेस्क’ लेखकात येऊ द्यायचे नाहीत. बातमीदाराचे खरे नाव असेल तरच लेखक, नाहीतर रकाना कोरा. कोरा रकाना खोट्या नावापेक्षा बरा, हे मी सूचिकार्डांच्या काळापासून मानत आले आहे. त्या साधनातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे चाचणी: एखादे पान द्यायचे आणि त्याचे बरोबर उत्तर काय, ते स्वतः लिहून ठेवायचे. यंत्र चुकले की लगेच दिसते. आमच्याकडे नवीन मदतनीस आला की त्याला आधीच नोंदलेली पुस्तके परत नोंदायला देत असू, तेच हे.

यंत्राला जे कधीच येणार नाही त्याची वाघोलीत कमतरता नाही. महाराष्ट्रात वाघोली एक नाही. वसईजवळ आहे, साताऱ्याकडे आहे. शोधात ‘वाघोली’ आली की बातमी कुठली ते वाचूनच ठरवावे लागते. ‘पिलाजी’ शोधले की जाधवरावांसोबत पिलाजी गायकवाडही समोर येतात, बडोद्याच्या घराण्याचे, १७३२ साली डाकोरला मारले गेलेले. दोघे समकालीन, दोघांचा पेशव्यांच्या पत्रांत वारंवार उल्लेख, आणि पत्र लिहिणारा बऱ्याचदा नुसते ‘पिलाजी’ म्हणतो, कारण वाचणाऱ्याला ठाऊक असते. १८८५चे पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर शोधायचे तर तिथे रोमनमध्ये ‘व’साठी आजच्यासारखा डब्ल्यू नाही, व्ही आहे, त्यामुळे आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला वाटते की गॅझेटियरला वाघोली माहीतच नव्हती.

आणि एक पेच असा की त्यात राजवाडेच अडकतात. विकिपीडियावर मूळ संशोधन चालत नाही. छापलेल्या पत्रावरून मी थेट निष्कर्ष काढला, की अमुक साली पिलाजीराव तमुक ठिकाणी होते म्हणजे देवळाचे काम तेव्हाचे नसावे, तर तो नियमभंग. तसे कुणा अभ्यासकाने लिहिलेले हवे. म्हणजे खंडातली पत्रे कच्चा माल आणि राजवाड्यांची प्रस्तावना ग्राह्य स्रोत. राजवाडे स्वतः सदस्य असते तर पहिल्या आठवड्यात त्यांना चावडीवर समज मिळाली असती, दुसऱ्यात त्यांनी स्वतःचा वेगळा विकी काढला असता. मला हा नियम तरीही मान्य आहे. टोपणनावाने लिहिणाऱ्याला राजवाड्यांइतकी मोकळीक देणे परवडणारे नाही. मात्र पत्र अस्तित्वात आहे आणि त्यात असे म्हटले आहे, एवढे सांगायला आडकाठी नाही, आणि ते सांगायचे तर लेखांक द्यावाच लागतो.

तिथे येऊन आम्ही अडलो. पुस्तकाच्या साच्यात खंड आहे, पृष्ठ आहे, आवृत्ती आहे, प्रकरण आहे. लेखांक नाही. हे साचे ज्या परंपरेत वाढले तिथे पुस्तकाला पाने असतात आणि नियतकालिकाला अंक. छापलेल्या पत्राला स्वतःचा स्थिर क्रमांक असतो, ही कल्पना तिथे सर्रास नाही. शोधता शोधता खालच्या मजल्यावरच्या मुलाला इंग्रजी साच्याच्या दस्तऐवजात एक दुर्लक्षित रकाना सापडला. पान सांगण्याऐवजी दुसरे काही सांगायचे असेल तर तिथे लिहा, असे त्याचे वर्णन. यंत्र तो कधीच भरत नाही, आणि हाताने भरायच्या अर्जात तो दिसतही नाही, कारण साच्याच्या जोडपत्रात त्याला ‘सुचवलेला’ म्हणून खूण केलेली नसते. खूण केली की तो सगळ्यांच्या अर्जात उघडा दिसेल. मराठी वर्णन मी लिहिले: छापील साधनग्रंथांसाठी इथे लेखांक द्यावा, पृष्ठ देऊ नये.

मुलाचे म्हणणे, रुमाल क्रमांकही घालू. पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, त्यांतला मोडी कागद कुणी पाहून आला तर त्याने तो कुठे लिहायचा? प्रश्न वाजवी होता, पण मी नको म्हटले. रुमालातला कागद छापलेला नाही. तो पाहायला अर्ज करावा लागतो, मोडी यावी लागते, आणि विकीचा नियम छापलेल्या, कुणालाही पडताळता येईल अशा स्रोताचा आहे. तो कागद आधी कुणीतरी वाचून, तारीख लावून, क्रमांक देऊन छापला पाहिजे. त्याने थोडा वेळ वाद घातला, मग वर्णनातून रुमाल काढला आणि लेखांक ठेवून पान जतन केले. शकेचा प्रश्न तसाच आहे. त्यासाठी मॉड्यूलमध्ये हात घालावा लागेल, आणि तो म्हणतो की दिवाळीच्या सुट्टीत बघू.